खलनायकाचा चहा

रविवारी दुपारी इंदिरानगरच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये मनीषा एकटीच जुना कृष्णधवल रहस्यपट बघत बसली होती. तिला नायकापेक्षा खलनायकच आवडायचा. खून करण्याआधीही तो इतकं लाघवी बोलायचा, की तिला त्याचीच बाजू घ्यावीशी वाटायची.

आज मात्र दृश्य बदललं तरी तो खुर्चीतून उठला नाही. पोलीस त्याच्यासमोरून निघून गेले. तो मनीषाकडेच बघत राहिला.

तिने घाईने टीव्ही बंद केला. काळ्या पडद्यात तिचा सोफा दिसला, आणि सोफ्यावर तिच्या शेजारी तो.

वळून बघायचा तिला धीर होईना. "जीवन!" तिने नवऱ्याला हाक मारली.

जीवन स्वयंपाकघरातून चहाचे तीन कप घेऊन आला.

"किती छान बोलतात गं हे," तो हसत म्हणाला. "दाराला आतून कुलूपही त्यांनीच लावलं. किल्ली त्यांच्याजवळच राहू दे म्हणाले."