शनिवारची टेप

"लॉक उघडल्याशिवाय या टेपवर एक अक्षर उमटत नाही, बाई! म्हणजे तुम्ही ते हातानं उघडलंत." रागानं नानांचा आवाज चिरकला होता.

नवी ऑपरेटर मान खाली घालून उभी होती. मंगळवारी नाना अर्धा दिवस वॉर्डात बसले होते, तेवढ्यात तिनं शनिवारची टेप कोरी समजून तिच्यावर दिवसाची यादी उतरवली. बुधवारी सकाळी किरणोपचार विभागाच्या संगणकाची डिस्कच बसली. बेचाळीस रुग्णांपैकी कुणाला आजवर किती किरणं दिली, कुठल्या कोनातून दिली, हे आता त्या टेपवरूनच कळणार होतं. आकडे मिळेपर्यंत डॉक्टरांनी उपचार थांबवले होते.

त्या बेचाळिसांत नानांची अक्काही होती. तिच्या घशातली गाठ निम्मी उतरली होती. "मध्येच खंड पडला की ती पुन्हा डोकं वर काढते," असं डॉक्टर म्हणाले आणि नानांच्या तोंडचं पाणी पळालं.

नाना कामाला वाघ. नऊ वर्षं दर शनिवारी संगणकातल्या नोंदींची नक्कल उतरवायला टेप मशीनमध्ये घालायची, दोन मिनिटांत ती आपोआप बाहेर आली की रजिस्टरात 'पूर्ण' लिहून सही ठोकायची. एक शनिवार चुकला नाही. टेपेला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना खपत नसे, आणि आता नेमका लागला होता.

शहराच्या दुसऱ्या टोकाला बिघडलेल्या टेपांमधून माहिती काढून देणारी एक तज्ज्ञ बाई होती. नाना टेप मांडीवर घेऊन बसनं तिच्याकडे गेले. तिनं चष्मा कपाळावर चढवून टेप उलटसुलट पाहिली.

"यादी लहान आहे ना? मग टेपेची सुरुवातच गेली असेल, काका. पुढचं शाबूत असतं. साधं मशीन यादीच्या पुढं जात नाही, आमचं जातं."

आनंदानं नानांना रडूच कोसळायचं बाकी होतं. बाहेरच्या बाकावरून त्यांनी अक्काला फोन लावला.

"मिळणार गं सगळं. उद्यापासून तुझं सुरू."

"तू जेवलास का? आणि त्या मुलीला फार बोललास म्हणे. ती मघाशी इथं येऊन रडून गेली."

"बोलू नको तर काय पूजा करू तिची? तुझ्या जिवाशी खेळ केलाय तिनं!"

नानांनी फोन ठेवला आणि बंद दाराकडे बघत बसले. तीन वेळा उठून पाणी पिऊन आले. चहा समोर आला तो तसाच निवला.

दुपारी तज्ज्ञ बाई बाहेर आली आणि त्यांच्या शेजारी बसली.

"काका, यादी संपते तिथून पुढं टेप कोरी आहे. पुसलेली नाही. तिच्यावर आधी कधी काही उतरलेलंच नाही."

"काहीतरीच काय!" नाना ताडकन उठले. "नऊ वर्षांच्या सह्या आहेत माझ्या रजिस्टरात!"

"सह्या असतील. टेप आत घालताना तुम्ही लॉक उघडत होतात ना?"

"मी?" नाना छाती पुढं काढून म्हणाले, "अहो, नऊ वर्षांत एकदाही उघडलं नाही मी ते!"