फादरांचा डबा

बारा वाजत आले तरी फादर कुरियाकोस यांच्या टेबलापुढे एकही माणूस फिरकला नव्हता.

आदिलाबादच्या कलेक्टर कचेरीत दर सोमवारी लोकांच्या तक्रारी घेतात. अर्ज तेलुगूत लागतो. शेजारच्या मावला गावातल्या मराठी भाजीवाल्यांना तेलुगू बोलता येई, लिहिता येत नसे. म्हणून केरळातून आलेले हे पाद्री एकोणीस वर्षं आवारातल्या कडुनिंबाखाली घडीचं टेबल मांडून त्यांचे अर्ज लिहीत. जमिनीचा पट्टा, पेन्शन, रेशन, बोअर. पाण्याच्या एका अर्जापायी ते स्वतः तीन दिवस कचेरीच्या पायरीवर बसले होते.

आज त्यांचा शेवटचा सोमवार. वय झालं, आता केरळातल्या निवृत्त धर्मगुरूंच्या घरी राहावं, असं बिशपांचं पत्र होतं. गुरुवारची गाडी. गेल्या सोमवारी त्यांनी हे सगळ्यांना सांगितलं होतं. तेव्हा भाजीवाली कुसुमबाई म्हणाली होती, "मंग आमचे अर्ज कोन लिहीन?"

"तू गप राय वो," वस्तीतला नागोराव तिच्यावर खेकसला होता.

आज ती दोघं, संघपाल गुरुजी आणि वस्तीतली पाच-पंचवीस माणसं समोरच्या पोर्चमध्ये पाठ करून उभी होती. गुरुजींच्या हातात कागद होता. नवा लिहिणारा मिळाला, फादरांनी मनाशी म्हटलं. बरं झालं. एकदाही कोणी मागे वळून पाहिलं नाही.

एक वाजता त्यांनी डबा उघडला. दहीभात. पलीकडे भिंतीच्या सावलीत ती माणसं गोल करून बसली. भाकऱ्यांची फडकी सुटली, ठेच्याचा वास इथवर आला. दर सोमवारी असंच होई. अर्ज लिहून झाला की "येतो फादर" म्हणायचं आणि तिकडे जाऊन जेवायचं. पाद्री म्हटला की लोक जपूनच असतात, अशी फादरांनी स्वतःची समजूत घातली होती. त्या समजुतीलाही आता बरीच वर्षं झाली होती.

तेवढ्यात कचेरीतला कारकून कागद हलवत आला.

"तुमचीच माणसं ना ही? चक्क मराठीत अर्ज दिलाय. कोण वाचणार? कशाचा आहे सांगा, आवक नंबर टाकायचाय."

अक्षर संघपाल गुरुजींचं, भाषा सगळी कुसुमबाईची. खाली एक्केचाळीस सह्या आणि अंगठे. विषय: फादरची बदली रद्द करने बाबत.

फादरांना हसू आलं. पाद्र्याची बदली कलेक्टर कशी रद्द करणार? पण एकोणीस वर्षं त्यांनीच या लोकांना हे एक दार दाखवलं होतं.

ते पुढे वाचू लागले.

'फादरले आता इथं करमत नसन म्हनून ते जाऊन राह्यले. पयल्या वर्षी नागोरावनं जेवाले बलावलं तवा ते नाई म्हनले. पाद्री लोकं कोनाच्या घरचं खात नसन, असं समजून आमी पुन्हा इचारलं नाई. दर सोमवारी ते एकटेच जेवतेत. आमाले घास गोड लागत नाई. साहेबानं तेईले इचारून घ्यावं. खात असन, तर आमी घरोघरी पाळी लावतो.'

फादरांना ती संध्याकाळ आठवली. ईस्टरच्या आधीचे उपवासाचे दिवस होते, त्यात शुक्रवार. नागोरावच्या बायकोनं, रुक्माबाईनं, मटण केलं होतं. ते "आज नको" म्हणाले होते.

"काय मागतायत?" कारकुनानं पेन उघडलं. "जमीन? पेन्शन?"

फादरांनी अर्ध्या डब्यावर झाकण लावलं.

"जेवायला बोलावतायत," ते म्हणाले.