तळघराला कुलूप

"मावशी, आटप आता. मला कुलूप लावायचंय," चर्चची देखभाल करणारा अनिएल्लो तळघराच्या जिन्यात उभा राहून म्हणाला.

खाली ब्रिजिदा गुडघ्यांवर बसून एक कवटी पुसत होती. तळघरात ओल फार. कवट्यांना घाम सुटतो, आणि आमच्या नेपल्सच्या बाया म्हणतात, मेल्यावरच्या आगीत होरपळणाऱ्या जिवाचाच तो घाम. कधीच्या काळी साथीत मेलेली ही माणसं, ना नाव ना गाव. एकेक बाई एकेक कवटी सांभाळायला घेते. तिला उशी देते, दिवा लावते, आणि बदल्यात काहीतरी मागते.

उद्यापासून हे सगळं बंद, असा वरून हुकूम आला होता. हाडांची पूजा म्हणे धर्मात बसत नाही. वरच्या छतावर सोनेरी वेलबुट्टीत लोळणारे गुबगुबीत देवदूत मात्र बसतात.

"वर येऊन बसत जा ना," अनिएल्लो म्हणाला. "एवढी संगमरवरी वेदी आहे, खांब आहेत. जर्मनीहून लोक येतात आणि मान अवघडेपर्यंत बघत राहतात."

"वरच्या सगळ्या संतांना नावं आहेत. त्यांचं बघणारे ढीगभर. याला कोण आहे?"

अनिएल्लो दोन पायऱ्या उतरला. त्याला तिची कीव येत होती, आणि कीव आली की तो चेष्टा करायचा.

"या टकल्यानं तुझं एक तरी काम केलं का गं? ती नुन्झियाता बघ. लॉटरीचा आकडा लागला नाही की लगेच कवटी बदलते. आणि तू लढाईपासून याच्याच मागे! याला कान तरी आहेत का?"

ब्रिजिदा हसली नाही. तिनं कवटीखालची उशी सारखी केली.

"याच्याकडे मी कधी काही मागितलंच नाही."

"मग कशाला एवढा खटाटोप?"

"माझ्या पोराला, कातेल्लोला लढाईत रशियाला धाडलं. बर्फात. पुढं पत्ता नाही. तिकडे काय बाया नसतील? एखादीला सापडला असेल. कुणाचा कोण, तिला काय ठाऊक? ती त्याचं डोकं पुसत असेल, दिवा लावत असेल. मी याचं करते, ती त्याचं करते. एवढंच आमचं ठरलंय."

गल्लीत कुणी तिच्या पोराला 'गेला' म्हटलं, तर ही बाई चप्पल काढून अंगावर धावायची. मासळीवाल्याशी तिनं त्यावरूनच कायमचा अबोला धरला होता. आज तीच 'त्याचं डोकं' म्हणाली. अनिएल्लोला स्वतःची शरम वाटली. किल्ल्या समुद्रात भिरकावून द्याव्यात असं वाटलं. पण नोकरी गेली तर पोरांना काय खायला घालणार?

"तिकडची बाई चांगली असेल, मावशी," तो कसाबसा म्हणाला. "ती करील त्याचं."

"का करील? इथं माझं सुटलं, की तिथं तिचंही सुटणार."

त्यानं तिला दंडाला धरून उठवलं. तिनं दिवा विझवला नाही, त्यानंही विझवायला सांगितलं नाही. दोघं हळूहळू वर आले. वर परदेशी पाहुण्यांचा एक घोळका माना वर करून छत न्याहाळत होता. त्यातली एक बाई हसून बाजूला सरकली आणि तिनं यांना वाट करून दिली.

अनिएल्लोनं दार ओढलं, अडसर घातला आणि कुलूप लावलं. ब्रिजिदानं दारावर तळवा टेकला.

"अनिएल्लो, दार तू लावलंस. मी नाही लावलं."

"हो, मावशी. मी लावलं."

"मग तिकडे त्या बाईला हे कोण सांगणार?"