एक प्रकरण मोफत

वेबसाइट झाली की दादांना वाचक मिळणार होते. निवृत्तीनंतर पदरमोड करून छापलेल्या आत्मचरित्राचे गठ्ठे वर्षभर पलंगाखाली पडून होते, आणि भेट दिलेल्या प्रती नातेवाइकांनी चाळल्याचंही दिसत नव्हतं. तेव्हा वेबसाइट करण्यात आपलं काहीच जात नाही, असा दादांचा हिशेब.

"बाबा, एक प्रकरण साइटवर मोफत ठेवू या," सून म्हणाली. "जरा चटकदार द्या. म्हणजे पुढचं वाचायला लोक पुस्तक घेतील."

स्वतःच्या आयुष्यात चटकदार काही सापडेना. शेवटी दादांनी बहिणीवरचं प्रकरण दिलं. तिच्या नवऱ्याने मनोरुग्णालयात काढलेले दिवस तिने रडत रडत फक्त भावाला सांगितले होते, ते त्यात होते.

लिंक नातेवाइकांच्या ग्रुपवर गेली आणि तिथून मेहुण्यांच्या शिकवणीला येणाऱ्या मुलांच्या आईबापांकडे. बघता बघता शिकवणी ओस पडली. पुस्तक मात्र एकही खपलं नाही.

बहीण आली ती दारातच उभी राहिली. "ह्यांनी माझ्याशी बोलणं टाकलंय, दादा. घरातलं बाहेर सांगितलं ते मीच ना!"

"अगं, पण नाव बदललंय मी तुझं."

"बहिणी किती आहेत रे तुला?"

दादांनी खुर्ची पुढे केली, पण ती आत आली नाही.

"छापलंस तेव्हाच अख्खं वाचलं होतं मी. तरी काही बोलले नाही. म्हटलं, जाऊ दे, हे कोण वाचतंय!"

तिच्या सगळ्या बोलण्यातलं हे एवढंच दादांना लागलं.