मोकळा गळा

"आजी, हे जरा धरा," म्हणत माझ्या नातसुनेने, केतकीने, मंगळसूत्र काढून माझ्या हातात दिलं आणि लॅपटॉप उघडला. नातवाची नोकरी गेल्यापासून घराची भिस्त केतकीवरच होती. पण मागच्या दोन्ही मुलाखती 'लग्न झालंय, मग मूल कधी?' इथेच संपल्या होत्या.

"आमच्या वेळी उलटं होतं," मी म्हणाले. "संगणकाची कार्डं पंच करायला साहेब अविवाहित मुली घेत नसत. लग्न ठरलं की सोडून जातात म्हणून. मी मावशीचं मंगळसूत्र घालून गेले होते."

"म्हणजे खोटेपणा सासरचाच," ती हसली आणि तिने मुलाखतीसाठी कॅमेरा सुरू केला.

मी कॅमेऱ्यात येणार नाही अशी बाजूला बसले. पडद्यावर दोन पुरुष आणि एक बाई होत्या. केतकीने न अडखळता सगळी उत्तरं दिली. मग त्यातल्या थोरल्याने सहज विचारावं तसं विचारलं, "लग्न वगैरे?"

"अजून नाही," केतकी म्हणाली आणि सवयीने तिची बोटं गळ्याशी जाऊन नसलेले काळे मणी चाचपू लागली. दोघे पुरुष लिहिण्यात गुंतले होते. बाईंची नजर मात्र त्या बोटांवर थांबली. मी मूठ घट्ट आवळली.

"सर, पुढचा प्रश्न मी विचारते. कोडिंगचा आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. बोलता बोलता त्यांचीही बोटं स्वतःच्या गळ्याशी गेली आणि तिथे काही न सापडल्यासारखी खाली आली.