पाय सोडू नको

"दाब."

"दाबलं."

"धर. पाय सोडू नको."

गाडीखालून पियुषचा आवाज यायचा आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसलेली उत्तरा ब्रेक दाबून धरायची. तो चाकापाशी पान्यानं निपल, म्हणजे ब्रेकचं तेल सोडायची तोटी, ढिली करायचा, बुडबुडे आलेलं जुनं तेल नळीतून बाटलीत पडायचं आणि पायाखालचं पेडल हळूहळू तळाला टेकायचं. मग तो निपल आवळून म्हणायचा, "सोड." त्याआधी पाय उचलायचा नाही. उचलला की तेलाच्या जागी हवा आत शिरते, आणि हवा शिरलेला ब्रेक ऐन वेळेला दगा देतो. हे पियुषनंच आपल्या बायकोला सांगितलं होतं, आणि प्रत्येक चाकाला पुन्हा सांगत होता.

गाडी जपानी, जुनी, मागून लांबलचक. परभणीत ती दारासमोर उभी राहिली त्या दिवशी शेजारच्या दिनकररावांनी विचारलं होतं, "अँब्युलन्स घेतली का काय राव?" ते पियुषला फार लागलं. तेव्हापासून तो हात धुऊन गाडीच्या मागं लागला. मोठा टर्बो बसवला, लॅपटॉप जोडून त्याचा दाब वाढवला. आता ॲक्सिलरेटरवर नुसता पाय ठेवला की गाडी अंगात आल्यासारखी सुटायची. पळायची सगळी सोय झाली होती, थांबायची तेवढी राहिली होती.

मागच्या चाकाला उत्तराचा पाय जरा आधीच उचलला गेला होता. पियुष तसाच सरपटत बाहेर आला आणि स्वतःच्या आईच्या देखत म्हणाला, "डोकं घरात ठिवून आलीस का? एवढं पण जमंना तुला?" मग ते चाक पहिल्यापासून. त्यांची लेक मैथिली पायरीवर बसून सगळं ऐकत होती. नवऱ्याचं बोलणं उत्तरा एरवी गिळून टाकायची. लेकीसमोर ऐकलेलं मात्र घशाखाली उतरत नसे.

आता शेवटचं चाक होतं, पुढचं.

"दाब."

"दाबलं."

"धर."

"उत्तरा, दूध!" आतून सासूबाई ओरडल्या.

आणि पाय उचलला गेला. दूध म्हटलं की उठायचं, ही अंगात मुरलेली सवय. तिनं तो लगेच पुन्हा दाबला, पण तेवढ्यात खाली काहीतरी सुर्रकन ओढलं गेल्याचं तिला ऐकू आलं.

"धरलंय ना?" पियुषनं विचारलं.

तिनं पाय आणखी जोरात रोवला.

"धरलंय," ती म्हणाली.

पाना करकरला. "सोड. झालं एकदाचं!"

तो हात पुसत आला, तिला उठवून स्वतः बसला आणि पेडल भराभर तीन-चारदा दाबलं. "बघ. दगड हाय, दगड."

"भराभरा दाबायलात म्हणून घट्ट लागायलंय. एकदाच दाबून बघा. मला पोकळ लागलं."

"आता तू शिकीव मला."

"अहो, खरंच सांगायलेय. एकदा परत..."

"परत? सगळी दुपार गेली ह्याच्यात. पोरं बोरीला वाट बघायलीत माझी. तू जरा गप बस." मग त्यानं पायरीकडं बघून हाक मारली, "मैथिली, येतीस का? विमानात बसल्यावानी वाटतंय बघ."

मैथिली टुणकन उठली आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसली. तिनं पट्टासुद्धा लावून घेतला.

उत्तरा गाडीला वळसा घालून कशी पोचली ते तिचं तिलाच कळलं नाही. तिनं दार उघडलं, पट्टा सोडला आणि पोरीला दंडाला धरून बाहेर ओढलं.

"आई, दुखायलंय!"

"अभ्यास कर. उद्या पेपर हाय."

"पेपर तर संपले की!" मैथिली रडू लागली.

पियुषनं सुरू केलेलं इंजिन बंद केलं. बायकोकडं तो असं क्वचितच नीट बघायचा. "काय झालंय गं तुला?" त्यानं विचारलं, आणि या वेळी त्याच्या आवाजात राग नव्हता.

सांगायला एवढी चांगली वेळ पुन्हा मिळणार नव्हती. चार शब्दांचं काम होतं. पण चार शब्दांनंतर काय काय ऐकावं लागेल तेही तिला पाठ होतं, आणि लेक दंड चोळत शेजारीच उभी होती.

"काही न्हाई," उत्तरा म्हणाली.

"मग दार लाव."

तिनं दार लावलं. गाडी हळूच मागं आली, फाटकाशी थांबलीसुद्धा. मग रस्त्याला लागली आणि टर्बोची शिट्टी चढत चढत जिंतूर रोडच्या दिशेनं गेली. मैथिली पाय आपटत आत निघून गेली.

उत्तरानं फोन काढला. पियुषचं नाव समोर आणलं. एक बोट लावायचं फक्त. तिला भीती वाटत होती आणि तिला राग आला होता, आणि यातलं नेमकं कोण बोट धरून ठेवतंय ते तिला कळेना. शिट्टी अजून ऐकू येते का म्हणून ती कान देऊन उभी राहिली. रस्त्यावर एक ऑटो गेला, एका पोरानं सायकलची घंटी वाजवली. स्क्रीन विझली.

पदराला हात पुसत सासूबाई दारात आल्या. "दूध मीच उतरवलं शेवटी. भाकऱ्या टाकायलेय आता. किती टाकू गं?"

उत्तरानं फाटकाची कडी लावली.

"आपल्यापुरत्याच टाका, आई."