दिलेली किल्ली

"आधी खोली बघा, मग अटी ऐका," असं म्हणत मेट्रनबाई जिना चढू लागल्या. मागोमाग तरुण मुलगा, दोन्ही हातांत जड बॅगा. त्याच्यामागे त्याची आई, कठड्याला धरून.

मेट्रनबाई आता कुठल्याही वसतिगृहाच्या मेट्रन नव्हत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं लोटली होती. पण गल्लीने नाव सोडलं नव्हतं आणि बाईंनी रुबाब. वरची एकुलती एक खोली त्या दरवर्षी एका विद्यार्थ्याला देत. कॉलेजच्या वसतिगृहाची प्रतीक्षायादी मारुतीच्या शेपटासारखी वाढत चाललेली, त्यामुळे बाईंच्या दारी रांग लागे आणि बाई पारखून घेत. माणूस दारात उभा राहिला की आपण त्याचं पाणी जोखतो, असा त्यांचा दावा होता. तो खोडून काढायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती.

खोली लहान पण लख्ख होती. पलंग, टेबल, दिवा, मागच्या अंगणावर उघडणारी खिडकी. मुलगा दारातच थांबला. आईने मात्र चष्मा लावला, टेबलावर कोपर टेकून ते डगमगतं का पाहिलं, दिवा लावला, विझवला. बाई मनातल्या मनात हसल्या. आया सगळ्या सारख्याच. मुलाच्या आधी यांनाच गादी दाबून बघायची असते.

"काय शिकायचंय?" त्यांनी मुलाला विचारलं.

"कायदा," आई म्हणाली.

"त्याला बोलू द्या हो."

"आई बरोबर सांगतेय," मुलगा हसून म्हणाला. "प्रवेश झालाय. सोमवारी वर्ग सुरू. वसतिगृहाची यादी या वर्षी काही हलत नाही, आणि गावाहून रोज ये-जा करणं शक्य नाही. आज खोली मिळाली नाही तर प्रवेश सोडावा लागेल."

हे त्याने ताठ मानेने सांगितलं, रडगाणं न लावता. बाईंना ते आवडलं. त्याच्या नखांत काळं ग्रीस होतं, तेही त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. विचारल्यावर कळलं की तो गॅरेजमध्ये काम करतो आणि त्या कमाईवरच हे शिक्षण होणार आहे. पोरगं कष्टाळू होतं. बाईंनी मनात एक खूण केली.

मग त्यांनी अभ्यास कधी होतो ते विचारलं, तर आई पुन्हा मध्ये बोललीच. पहाटे होतो म्हणे, घर उठायच्या आत, स्वयंपाकघरात बसून. बाईंनी ओठ घट्ट मिटले. असल्या आया त्यांनी ढिगाने पाहिल्या होत्या. एक तर मुलीच्या वतीने रजेचा अर्ज स्वतःच लिहायची आणि खाली सहीसुद्धा स्वतःच ठोकायची. हा किस्सा बाईंनी मुद्दाम तिखटमीठ लावून सांगितला. टोमणा कुणाला आहे हे आंधळ्यालाही कळलं असतं, पण आई मनापासून हसली.

या आठवड्यात आपण कितीजणांना वाटेला लावलं, तेही बाईंनी ऐकवलं. एकाला घरात ढोल बडवायचा होता. एकीला मांजर आणायचं होतं.

"आणि काल एक फोन आला होता, तो तर मी दोन वाक्यांत ठेवला. आवाजावरूनच कळलं, आपलं जमायचं नाही. खोली गेली म्हणून सांगितलं, विषय संपला."

मुलाने आईकडे पाहिलं. आई खिडकीतून अंगण बघत होती.

अटी फार नव्हत्या, पण एक कडक होती. "घरचं माणूस भेटायला येईल, चहा पिईल आणि जाईल. मुक्काम करायचा नाही. सख्खं असलं तरी नाही."

"कबूल," मुलगा म्हणाला. "पहिल्यांदाच राहणार आहोत एकमेकांशिवाय. करमणार नाही सुरुवातीला."

"होते सवय. परतीची गाडी कितीची?"

"सहाची."

बाईंनी कमरेच्या जुडग्यातून एक किल्ली सोडवली आणि मुलाच्या तळहातावर ठेवली. "ऐक. वर्षभर खोली तुमची. दिलेली किल्ली मी आजवर कधी परत घेतली नाही. माझा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, गल्लीत कुणालाही विचार."

मुलाने मूठ मिटली. त्याचे डोळे भरून आले, आणि ते पाहून बाईही विरघळल्या. घर सोडताना असं होतंच. आईकडे वळून त्या पहिल्यांदाच मऊ आवाजात म्हणाल्या, "तुम्ही काळजी करू नका. मी आहे ना खाली."

"आता नाही करणार," आई म्हणाली.

मुलाने दोन्ही बॅगा पलंगाशी ठेवल्या. किल्ली आईच्या हातात दिली, तिच्या पाया पडला आणि म्हणाला, "जेवायचं टाळू नकोस. पोचल्यावर फोन करतो." मग बाईंना नमस्कार करून तो जिना उतरून गेला.

बाई उघड्या दाराकडे बघत राहिल्या. खाली फाटक वाजलं. "अहो, पण हा..."

आईने बॅगेतून एक जाडजूड पुस्तक काढून दिव्याखाली ठेवलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"काल मी स्वतः फोन केला, तर खोली गेली म्हणालात, बाई," ती म्हणाली. "म्हणून आज मुलाला बरोबर आणलं."